टाचणाची उजवी बाजू

१९६३ साली सोलापुरातून गणिताचं एक पुस्तक प्रकाशित झालं. प्रकाशित झालं तेव्हाच ते अकराशे वर्षांचं जुनं होतं. पुस्तकाचं नाव 'गणितसारसंग्रह', लेखक महावीराचार्य. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष राज्य करत असताना त्यांनी ते संस्कृतात लिहिलं. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचं मळखेड, गुलबर्ग्याच्या थोडं पुढे. सोलापूरहून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल. १९१२ मध्ये मद्रासहून एम. रंगाचार्य यांनी हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापला होता. पुढे सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत तो लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह आणला. चादर आणि शेंगाचटणी यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या गावाच्या नावावर ही गोष्टही आहे. मला ती इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन, पुण्यात नोकरीला लागून चार वर्षं झाल्यावर कळली.

या ग्रंथाच्या सुरुवातीच्या भागात महावीराचार्य गणितज्ञाचे आठ गुण सांगतात. भराभर आकडेमोड करता येणं हा त्यातला एक. आळस नसणं हा दुसरा. समजून घेणं, लक्षात ठेवणं, नवा उपाय शोधणं, आकड्यांतून उत्तर स्पष्ट मांडणं हेही आहेत. उरलेले दोन म्हणजे 'ऊह' आणि 'अपोह'. ऊह म्हणजे असं असेल का, तसं असेल का, म्हणून शक्यता मांडून बघणं. अपोह म्हणजे त्यातल्या न टिकणाऱ्या शक्यता काढून टाकणं. मराठीत हे दोन्ही शब्द जोडूनच येतात, 'ऊहापोह'. हल्ली तो बहुधा अग्रलेखात आणि परिसंवादाच्या बातमीत भेटतो. पण तो गणिताच्या पुस्तकातही होता, आणि कामाचा शब्द म्हणून होता.

या लेखात मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. आठवी, नववी, दहावीला गणित शिकवणारा माणूस तास घेण्याआधी काय शिकवायचं ते लिहून काढतो. त्याला आपण टाचण म्हणतो. तास झाल्यावर तो ऊहापोह कुठे करतो? आणि केलेला ऊहापोह जातो कुठे?

मठ आणि बाजार

आपल्याकडचं सर्वात प्रसिद्ध गणिताचं पाठ्यपुस्तक म्हणजे भास्कराचार्यांची 'लीलावती'. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि ज्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा लीलावती हा भाग आहे, तो ग्रंथ ११५० चा. म्हणजे लेखक छत्तीस वर्षांचा. पाण्यातल्या घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला आणि मुलीचं लग्न राहिलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेतून ती पसरली.

मला त्या गोष्टीपेक्षा पुस्तकाची रचना जास्त महत्त्वाची वाटते. आधी नियम, लगेच उदाहरण. उदाहरणात भुंगे, हंस, कमळ, साप आणि मोर. मधूनच विद्यार्थ्याला प्रेमाने मारलेली हाक. ज्याने समोर बसलेल्या पोराचा कंटाळलेला चेहरा पाहिलेला नाही, त्याला असं पुस्तक सुचणार नाही. शिवाय भास्कराचार्यांनी आपल्याच ग्रंथावर 'वासनाभाष्य' ही टीका लिहिली. श्लोकात आटोपशीर सांगितलेलं गद्यात पुन्हा उलगडून दाखवलं, का ते सांगितलं. शिकवून झाल्यावर मागे वळून लिहिणं म्हणजे हेच.

चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ चा एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, असं त्यात आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण शेवट मराठीत आहे आणि तो शेवट पूर्णपणे व्यवहाराचा आहे. बाजारातल्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं, हे त्यात नोंदवलं आहे. मराठीतल्या जुन्या शिलालेखांपैकी एक गणित-ज्योतिषाच्या शाळेच्या खर्चाबद्दल आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरात हवं होतं. एका शिक्षकाने मागे ठेवलेलं लिखाण पुढे शिकवलं जावं, म्हणून गावाच्या बाजाराने पैसे मोजले.

पुढच्या काही शतकांत सामान्य पोरांच्या वाट्याला लीलावती आली नाही. त्यांच्या वाट्याला पंतोजींची शाळा आली. धूळपाटी, मोडी अक्षर, आणि सकाळ-संध्याकाळ घोकायची उजळणी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा कशाला, असं आज वाटेल. पण दुकानात साडेतीन शेर धान्याचा भाव सांगायचा असेल, तर औटकी हे त्या काळचं अ‍ॅप होतं. बाजाराला काय लागतं ते पंतोजींना पक्कं माहीत होतं. ते का बरोबर येतं, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नव्हतं.

इंजिनिअरचं पुस्तक, मास्तरांचं पुस्तक

१८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या लष्करी इंजिनिअरने पंडितांच्या मदतीने मराठीत गणिताची आणि भूमितीची पुस्तकं तयार केली. मूळ माल इंग्रजी पुस्तकांचा होता. शब्द मात्र मराठीत बसवावे लागले, आणि त्यासाठी पंडितांना लीलावतीच्या परंपरेतली संस्कृत परिभाषा हाताशी होती. आज आपण 'त्रैराशिक' म्हणतो, तेव्हा त्या जुन्या परंपरेतलाच शब्द वापरत असतो. फक्त शब्द तेच राहिले आणि शिकवण्याचा क्रम इंग्रजी पुस्तकाचा झाला.

यानंतरची मोठी माणसं पुण्याची. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, हे टिळकांचे गणिताचे गुरू. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं तेव्हा टिळक तिथे गणित शिकवायला लागले. काही वर्षांनी गोपाळ कृष्ण गोखले तिथे आले. राजकारणातले गोखले आपल्याला माहीत असतात. पण ऐन तरुणपणी शाळेत शिकवता शिकवता त्यांनी एका सहकाऱ्याच्या मदतीने अंकगणिताचं पुस्तक केलं, आणि ते पुढे कितीतरी वर्षं हायस्कुलांतून चाललं. वर्गात रोज जी उदाहरणं करून घ्यायची, ती निवडायची, सोप्याकडून अवघडाकडे लावायची. त्यातूनच ते पुस्तक उभं राहिलं.

इथपर्यंतच्या गोष्टीत एक समान धागा दिसतो. ज्यांचा ऊहापोह टिकला, त्यांचा तो पुस्तक झाला म्हणून टिकला. ज्याला पुस्तक काढणं शक्य नव्हतं, त्या तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांचं काय?

साहेब येणार आहेत

त्या मास्तरांच्या डोक्यावर वेगळीच काळजी होती. मुंबई इलाख्यात शाळांना अनुदान देताना मुलांच्या परीक्षेचा निकाल पाहण्याची पद्धत आली. साहेब येणार, मुलांना प्रश्न विचारणार, किती मुलं पास होतात ते बघणार आणि त्यावर पैसे ठरणार. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिलं. गरीब, शिक्षणाची सवय नसलेल्या समाजातल्या शाळांना निकालावर पैसे देण्याची ही पद्धत लागू पडणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. जिथे मुलं पहिल्यांदाच शाळेत येत आहेत, तिथे निकाल मोजाल तर मास्तर त्याच मुलांना टाळतील, हे आज कुणालाही पटेल. या निवेदनाला दीडशे वर्षं व्हायला आली. तो मुद्दा अजून जुना झालेला नाही.

तपासणीच्या या वातावरणात जर्मनीहून हर्बार्टच्या पायऱ्या आल्या. योहान फ्रीडरिश हर्बार्ट हा तत्त्वज्ञ. १८०९ मध्ये क्योनिग्सबर्गला कांटच्या अध्यासनावर त्याची नेमणूक झाली. नवं ज्ञान मनात आधीपासून असलेल्या ज्ञानाला जोडलं तरच टिकतं, हा त्याचा गाभ्याचा विचार. तो गेल्यावर त्याच्या अनुयायांनी त्यातून पाच पायऱ्यांचा साचा केला. पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. जगभरच्या ट्रेनिंग कॉलेजांनी तो उचलला आणि आपल्याकडेही तो आला. पूर्वतयारीनंतर 'हेतुकथन' आलं. म्हणजे आज आपण पायथागोरसचं प्रमेय शिकणार आहोत, असं जाहीर करायचं. पुढे अमेरिकेतून १९५६ चं ब्लूमचं वर्गीकरण आलं आणि टाचणात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे उद्दिष्टांचे रकाने पडले.

साचा वाईट नव्हता. नव्या शिक्षकाला त्याने आधारच मिळाला. पण तो साचा तपासणीच्या व्यवस्थेत येऊन बसला. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, दैनिक टाचण. तारीख, इयत्ता, तुकडी, तासिका, घटक, उपघटक, शैक्षणिक साधनं, मूल्यमापन, स्वाध्याय. शेवटी मुख्याध्यापकांची सही आणि शेरा. हे सगळे रकाने तासाआधीचे आहेत. तास झाल्यावर काय झालं, यासाठी फार तर एखादी ओळ. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी 'रेट्रो' असते. काय जमलं, काय फसलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, एवढ्यावर तासभर बोलायचे पगारी तासच असतात. ज्या कामात चुकीची किंमत एखादं मूल आयुष्यभर मोजतं, त्या कामाच्या कागदावर यासाठी रकाना नसावा, याचं मला नवल वाटतं.

एका ठिकाणी मात्र तो होता. १९६३ मध्येच अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 'सूक्ष्म अध्यापन' सुरू झालं. भारतात एनसीईआरटीने त्याचं स्वस्त आणि सुटसुटीत रूप केलं, आणि बी.एड. केलेल्या कुणालाही त्याची मिनिटं पाठ असतात. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण छत्तीस. यात सर्वात मोठा तुकडा पुनर्नियोजनाचा आहे, शिकवण्याच्या दुप्पट. कॉलेज संपतं, नोकरी लागते, आणि ती बारा मिनिटं कायमची जातात.

एक खासगी वही

माझी आत्या सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकवायची. शाळेत पूर्व भागातली बरीच मुलं. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, पूर्व भाग म्हणजे मुख्यतः तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांची वस्ती. घरात यंत्रमाग किंवा विड्या, बोलणं तेलुगूत, शाळा मराठीत.

शाळेला दाखवायची टाचणवही ती इतरांसारखीच लिहायची. शिवाय तिने स्वतःसाठी दोनशे पानी वह्या ठेवल्या होत्या. डाव्या पानावर टाचणाच्या चार ओळी, उजव्या पानावर तासानंतर जे लिहायचं ते. अकरा वह्या आहेत. निवृत्तीनंतर त्या माळ्यावर गेल्या आणि मागच्या दिवाळीच्या सफाईत रद्दीच्या ढिगावर आल्या. मी त्या मागून घेतल्या. "अरे, त्यात काय आहे? माझ्या चुका आहेत नुसत्या," असं म्हणत तिने दिल्या.

डाव्या पानांवर नवल नाही. उजव्या पानांवर सोलापूर आहे.

एका पानावर ए अधिक बी, कंसाचा वर्ग. जगातल्या सगळ्या आठवीच्या वर्गांत होणारी चूक तिथेही झाली होती. मुलांनी ए वर्ग अधिक बी वर्ग लिहिलं, मधलं दोन एबी गाळलं. आत्याने सूत्र पाठ करून घेतलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग उजव्या पानावर नोंद आहे: 'उद्या चौरस टेबलक्लॉथ नेणे. मध्ये नको, कडेला घडी घालणे.' चौकोनी कापडाला एक उभी आणि एक आडवी घडी, दोन्ही काठापासून सारख्या अंतरावर. उघडलं की चार तुकडे दिसतात. एक मोठा चौरस, एक छोटा चौरस आणि दोन सारखे आयत. दोन एबी म्हणजे ते दोन आयत. युक्लिडच्या दुसऱ्या पुस्तकात हीच आकृती आहे. पुढची नोंद अशी: 'मागाच्या घरची पोरं आधी बोलली. आता कोण विसरतं ते दिवाळीनंतर बघणे.' दिवाळीनंतरच्या पानावर खरोखरच त्याचा हिशेब आहे. तीन जण विसरले होते. त्यातले दोघं टेबलक्लॉथच्या दिवशी गैरहजर होते.

निर्देशक भूमितीच्या पानावर जकार्ड आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर काढतात, प्रत्येक चौकट रंगवायची की नाही ते ठरवतात, आणि त्यावरून भोकं पाडलेली कार्डं तयार होतात. भोक आहे किंवा नाही, यावर मागातला धागा वर उचलला जातो. आमच्या क्षेत्रात शून्य आणि एकचा इतिहास सांगताना जकार्ड मागाचं नाव पहिल्या काही वाक्यांत येतं. इंजिनिअरिंगला मी ते एका परदेशी पुस्तकात वाचलं. आत्याच्या वर्गात एका मुलाने घरून जुनं कार्ड आणलं होतं आणि क्ष-अक्ष, य-अक्ष त्यावर समजावले गेले होते.

आणि एका मुलीची नोंद आहे. पंचवीसचा पाढा फळ्यासमोर म्हणता येत नाही, पण आईबरोबर पंचवीस-पंचवीस विड्यांची बंडलं बांधताना हजारापर्यंत चुकत नाही. खाली एकच वाक्य: 'पाढा येतो. फळ्याची भीती वाटते.' टाचणाच्या नमुन्यात हे वाक्य कुठे बसलं असतं?

पस्तीस की त्रेपन्न

सगळ्यात जास्त वेळा आलेली नोंद मात्र आकड्यांच्या नावांची आहे. तोंडी गणितात 'पस्तीस' म्हटलं की दोन-तीन मुलं ५३ लिहितात. माध्यमिक शाळेत. आत्याने पुढे लिहिलं आहे: 'तेलुगूत विचारलं तर चुकत नाहीत.'

कारण सोपं आहे. मराठीत आपण एकक आधी म्हणतो आणि दशक नंतर. एकवीस, बावीस, पस्तीस. लिहिताना मात्र दशक आधी येतो. तेलुगूत एकवीस म्हणजे 'इरवै ओकटि', वीस एक. कन्नडमध्ये 'इप्पत्तोंदु', तेही वीस एकच. सोलापूरच्या घराघरांत या दोन्ही भाषा बोलल्या जातात. म्हणजे या गावातली हजारो मुलं आकडे लिहिण्याच्या क्रमाने ऐकत मोठी होतात आणि शाळेत आल्यावर उलटा क्रम शिकतात.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून झालेला गदारोळ तुम्हाला आठवत असेल. 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत त्यात दिली होती. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं अडखळतात, म्हणून ही दुसरी पद्धत, जुनी रद्द केलेली नाही, असं त्या सांगत राहिल्या. तरी मराठी बुडाली म्हणून आरडाओरडा झाला, मीम्स फिरले, विधानसभेत टोमणे मारले गेले. पंच्याहत्तरी ओलांडलेली एक गणितज्ञ बाई दुसरीच्या पोरांना काय जड जातं याचा विचार करते आहे, ही गोष्ट त्या गोंगाटात बाजूला पडली. १७ जुलै २०२३ रोजी त्या गेल्या.

असा बदल जगात पहिल्यांदा आपल्याकडेच सुचला असंही नाही. नॉर्वेमध्ये जुन्या पद्धतीत 'एक आणि वीस' म्हणत. टेलिफोनवर आकडे सांगताना गोंधळ होतो म्हणून मागणी झाली, संसदेने निर्णय घेतला, आणि १९५१ च्या जुलैपासून अधिकृतपणे 'वीस एक' म्हणायचं ठरलं. जुनी पद्धत अजून लोकांच्या तोंडी आहे आणि नॉर्वेजियन भाषा बुडालेली नाही.

माझ्या मनात येतं ते वेगळंच. ५३ आणि ३५ ची नोंद आत्याच्या वहीत १९९४ पासून आहे. महाराष्ट्रात अशा किती शिक्षकांच्या डोक्यात ती असेल? २०१९ च्या वादात त्या नोंदी पुढे ठेवता आल्या असत्या तर चर्चा अस्मितेऐवजी पोरांवर झाली असती. मंगलाताईंच्या बाजूने त्यांचा अनुभव आणि तर्क होता. राज्यभरच्या वर्गांची उजवी पानं त्यांच्या टेबलावर नव्हती, कारण ती पानं ठेवायची जागाच आपण केलेली नाही.

देवळालीचे मास्तर

ज्याला जागा मिळाली नाही त्याचं काय होतं, याचं उत्तर नेहमी दुःखाचंच असतं असं नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खोली नाही. डोंबिवलीला तेव्हा डेम्लो म्हणत. तिथे गाडीची वाट पाहताना सुचलं म्हणून १, १२१, १२३२१ अशा कुटुंबातल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' नाव दिलं. छोट्या पुस्तिका ते स्वतः छापायचे. विद्वानांनी बराच काळ त्याकडे पोरखेळ म्हणून पाहिलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला देवळाली कळली.

त्यांचा ६१७४ तुम्ही आत्ता मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघू शकता. सगळे आकडे सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. आपण १९६३ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. ९६३१ उणे १३६९ म्हणजे ८२६२. पुन्हा तेच केलं की ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि तिथून पुढे कितीही करा, ६१७४ च. कोणतीही संख्या घेतलीत तरी सात पायऱ्यांच्या आत तिथेच येता.

गंमत अशी, की सोलापुरातून छापल्या गेलेल्या त्या 'गणितसारसंग्रहा'त महावीराचार्यांनी हारासारख्या, दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या गुणाकारांची उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर १२३४५६५४३२१. ही कापरेकरांच्या कुटुंबातलीच संख्या आहे. अकराशे वर्षांच्या अंतराने दोन शिक्षकांना एकाच संख्येत मजा वाटली. अशी मजा टाचणाच्या उद्दिष्टांत लिहिता येत नाही, पण ज्या वर्गात ती येते तो वर्ग मुलांच्या लक्षात राहतो.

उजवं पान कोण लिहिणार

जपानमध्ये शतकाहून अधिक काळ 'जुग्यो केनक्यू', म्हणजे पाठ-अभ्यास, नावाची पद्धत आहे. चार-पाच शिक्षक मिळून एका पाठाचं नियोजन करतात. एक जण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे बघतात. नंतर सगळे बसतात आणि कुणाला कुठे अडलं यावर बोलतात. शिक्षकाला गुण देणं हा हेतू नसतो, पाठ सुधारणं हा असतो. झालेलं लिखाण इतर शाळा वाचतात. स्टिगलर आणि हिबर्ट यांच्या १९९९ च्या पुस्तकामुळे जगाचं त्याकडे लक्ष गेलं. यातली एकही गोष्ट महाग नाही. लागतो तो वेळ, आणि चूक लिहिली तर शेरा मिळणार नाही याची खात्री.

आमच्या जिल्ह्यात शिक्षकांना कल्पना कमी नाहीत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. पण एका पुरस्काराने शेकडो वर्गांतल्या नोंदी टिकत नाहीत.

आता तर डाव्या पानाची चिंताच उरलेली नाही. तयार टाचणांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. चॅटबॉटला इयत्ता आणि घटक सांगितला की उद्दिष्टांपासून स्वाध्यायापर्यंत सगळं अर्ध्या मिनिटात लिहून मिळतं. हे माझं क्षेत्र आहे, म्हणून खात्रीने सांगतो, हे थांबणार नाही आणि थांबवायची गरजही नाही. शिक्षकाचे वाचलेले तीस-चाळीस मिनिटं ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की ती मिनिटं आपण कशाला देणार? आणखी एका ऑनलाइन माहितीला, आणखी एका लिंकवर फोटो अपलोड करायला, की उजव्या पानाला? कारण गैरहजर असलेली दोन मुलं, फळ्याला घाबरणारी मुलगी आणि पस्तीस ऐकून ५३ लिहिणारा हात, हे त्या दिवशी त्या खोलीत असलेल्या माणसालाच दिसतं.

आत्याच्या अकरा वह्यांची पानं मी सध्या शनिवार-रविवारी स्कॅन करतो आहे. मुलांची नावं झाकतो, घटकांनुसार लावतो. तिच्या दोन मैत्रिणींनीही आपापल्या वह्या शोधून दिल्या आहेत. एक बीजगणिताची, एक भूमितीची. तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत कुणी निवृत्त गणित शिक्षक असतील तर त्यांना टाचणवही मागू नका, ती शाळेने कधीच निकालात काढली असेल. तास झाल्यावर कुठे काही लिहायचात का, एवढं विचारा. बहुतेक जण आधी नाही म्हणतील. मग थोड्या वेळाने उठून कपाट उघडतील.